मालगाडीची वाट : रूळ कुणाचे, जोखीम कुणाची?

इयत्ता कोणतीही असो, भूगोलाच्या पुस्तकात वाहतुकीच्या पाठात एक वाक्य हमखास असते : जड माल लांबवर नेण्यासाठी रेल्वे हे स्वस्त साधन आहे. विद्यार्थी ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि शाळेबाहेर पडल्यावर रस्त्यावर मालाने भरलेल्या ट्रकांची रांग पाहतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, "रेल्वे जर स्वस्त, तर हे सगळे ट्रकने का चालले आहे?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका विषयात मावत नाही. अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि अर्धे जमाखर्चात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक मालवाहतूक रेल्वेने होत असे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय रेल्वे योजनेच्या मसुद्यात हा वाटा सुमारे २७ टक्के धरला आहे आणि २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर मालगाड्यांसाठी वेगळे रूळ हवेत, नव्या वाघिणी आणि इंजिने हवीत, बंदरांना जोडणारे फाटे हवेत. यासाठी लागणारा पैसा एकट्या सरकारजवळ नाही, तेव्हा खासगी भांडवलाला भागीदार करून घ्यावे, असा विचार गेली वीस-पंचवीस वर्षे मांडला जात आहे. या भागीदारीत काय साधते, काय साधत नाही आणि का, हे समजून घेण्यासाठी मुंबईतील वडाळ्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

वडाळ्याचे दोन चेहरे

वडाळा म्हटले की आज हार्बर मार्गाचे स्थानक आठवते. पण या भागातील रूळ मुख्यतः मालासाठी वाढले. मुंबई बंदराचा कारभार पाहण्यासाठी १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यापूर्वी बंदराच्या काठावरील भराव घालण्याचे आणि धक्के बांधण्याचे मोठे काम एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी या खासगी कंपनीकडे होते. बंदराचा किनारा एका कंपनीच्या हाती राहणे व्यापाराच्या हिताचे नाही असे ठरल्यावर सरकारने ही मालमत्ता विकत घेतली आणि ती नव्या ट्रस्टकडे दिली. पुढे प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि अलेक्झांड्रा डॉक (१९१४, आजचे इंदिरा डॉक) बांधले गेले. माझगाव-शिवडीकडे समुद्रात भराव घालून नवी जमीन तयार झाली. कुलाब्याचा कापसाचा बाजार पुढे शिवडीजवळ आला; 'कॉटन ग्रीन' हे स्थानकाचे नाव त्याचीच खूण आहे.

या सगळ्याला जोडणारी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ साली सुरू झाली. ती बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत जात असे. वडाळ्याच्या बाजूला ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) या दोन्ही रेल्वेंच्या रुळांना जोडलेली होती. जहाजातून उतरलेला माल गोदीतच वाघिणीत भरायचा, वडाळ्याच्या यार्डात वाघिणी गावोगावच्या गाड्यांत वाटून लावायच्या आणि तेथून त्या देशभर पाठवायच्या, अशी ही व्यवस्था होती. धान्य, कापूस, कोळसा, खनिज तेल असा सर्व प्रकारचा माल या रुळांवरून गेला.

त्याच परिसरात प्रवाशांची गर्दीही वाढत होती. कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा टप्पा १९१० मध्ये सुरू झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरील गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून याच मार्गाने कुर्ल्याला गेली. लोकल गाड्यांची संख्या वाढत गेली तशी मालगाडीला वाट मिळणे कठीण झाले. पुढे मोठी जहाजे खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे वळली. शंभर वर्षांहून अधिक काळ सेवा दिल्यावर मुंबई बंदराने आपला स्वतंत्र रेल्वे कारभार आवरता घेतला. दरम्यान वडाळ्यातच ट्रकसाठी मोठे टर्मिनल उभे राहिले. एकाच उपनगरात गंजणारे रूळ आणि गजबजलेले ट्रक टर्मिनल असे दोन चेहरे दिसतात. आपल्या चौकस विद्यार्थ्याचा प्रश्न येथे मूर्त स्वरूपात उभा आहे.

पोलादावर पोलाद

प्रथम भौतिकशास्त्र. चाक फिरताना जो विरोध होतो त्याला आपण लोटणघर्षण म्हणू. रबरी टायर रस्त्यावर टेकतो तेथे तो दबतो, पुढे गेला की पुन्हा फुगतो आणि या दबण्या-फुगण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रवास करून आलेल्या ट्रकचा टायर गरम लागतो तो यामुळे. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. दोघांचा स्पर्श अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत होतो. त्यामुळे सपाट रुळावर एक टन माल हळूहळू पुढे नेण्यासाठी साधारण २ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. ट्रकला त्याच्या तीन ते चार पट जोर लागतो. पुस्तकातील 'स्वस्त' या शब्दामागचे कारण हे आहे.

मात्र गुळगुळीतपणाची एक किंमत असते. चढ आला की रेल्वे फार लवकर हतबल होते. २०० मीटर अंतरात १ मीटर चढ असेल, तर प्रत्येक टनामागे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १००० ÷ २०० म्हणजे ५ किलोग्रॅम जास्तीचा जोर लागतो. मूळचे २ धरून एकूण ७ झाले. बोरघाटात चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. तेथे १००० ÷ ३७ म्हणजे २७ किलोग्रॅम आणि मूळचे २ मिळून २९ झाले.

आता इंजिनाकडे पाहू. इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले, तरी चाक रुळावर घसरू लागेपर्यंतच ते ओढू शकते. कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या साधारण तीन दशांश इतका जोर मिळतो असे धरू. १८० टनी इंजिनाला म्हणून ५४ टन, म्हणजे ५४,००० किलोग्रॅम वजनाइतका जोर मिळेल. दोनशेला एक या चढावर ते ५४,००० ÷ ७ म्हणजे सुमारे ७,७०० टन ओढेल. घाटात तेच इंजिन ५४,००० ÷ २९ म्हणजे जेमतेम १,८५० टन ओढेल. इंजिन तेच आणि वीज तीच, पण चढ बदलला की माल चौथ्या हिश्शावर आला. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने का जोडतात, हे विद्यार्थ्यांना या एका भागाकाराने पटते. मालगाडीचा मार्ग आखताना अभियंते वळसा घेतात, भराव घालतात, बोगदा खणतात, पण चढ सौम्य ठेवतात. हा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो आणि एकदा केला की तो परत काढून घेता येत नाही. हा मुद्दा पुढे पैशांच्या चर्चेत कामाला येईल.

एकाच रुळावर दोन वेग

दुसरी अडचण वेगांची आहे. दोन स्थानकांमध्ये ६० किलोमीटर अंतर आहे आणि मधे ओलांडण्याची सोय नाही असे समजा. मालगाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे तिला ९० मिनिटे लागतात. प्रवासी गाडी ताशी १०० ने जाते, तिला ३६ मिनिटे पुरतात. सुरक्षिततेसाठी दोन गाड्यांत निदान १० मिनिटांचे अंतर हवे.

मालगाडी ८ वाजता सुटली. ती ९ वाजून ३० मिनिटांनी पोचेल. मागची प्रवासी गाडी ९.४० च्या आधी पोचता कामा नये, म्हणून ती ९.०४ च्या आधी सोडता येत नाही. त्यानंतर पुढची मालगाडी ९.१४ ला सुटेल. म्हणजे ७४ मिनिटांत दोनच गाड्या गेल्या. सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या असत्या, तर दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे तेवढ्याच वेळात सात गाड्या सुटल्या असत्या. एका गाडीच्या वेगामुळे रुळाची क्षमता वाढत नाही. सर्व गाड्यांचे वेग सारखे असले की ती वाढते.

प्रत्यक्षात मधल्या स्थानकांवर बाजूच्या मार्गिका असतात. मालगाडीला तेथे उभे करून प्रवासी गाडी पुढे काढतात. त्याने अडचण कमी होते, पण मालगाडीचा दिवस थांबण्यातच जातो. भारतातील मालगाड्यांचा सरासरी वेग अनेक वर्षे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला तो यामुळे. थांबण्यात वेळेबरोबर ऊर्जाही जाते. ५,००० टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे १९० युनिट विजेइतकी असते. साध्या ब्रेकने थांबवली की ती सगळी उष्णता होऊन जाते आणि पुन्हा वेग घेण्यासाठी तितकीच ऊर्जा परत खर्चावी लागते. नव्या विद्युत इंजिनांत ब्रेक लावताना काही वीज तारेत परत देता येते, पण सगळी नाही.

मुंबईत तर लोकल गाड्यांच्या गर्दीच्या वेळी मालगाडीला जागाच नसते. वडाळ्यापर्यंत माल आला तरी तो शहराबाहेर कधी निघेल याची खात्री देता येत नसे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने भाडे थोडे जास्त असलेले एकवेळ चालते, पण माल कधी पोचेल हे माहीत नसणे चालत नाही.

ट्रक जिंकतो तो येथे. शिवाय तो दारातून उचलतो आणि दारात उतरवतो. रेल्वेला दोन्ही टोकांना चढ-उतार करावी लागते. कल्पित आकडे घेऊ : ट्रकला टनामागे किलोमीटरला ३ रुपये, रेल्वेला दीड रुपया, पण रेल्वेला दोन टोकांच्या हाताळणीचे ६०० रुपये वेगळे. मग ४०० किलोमीटरपर्यंत ट्रक स्वस्त आणि त्यापुढे रेल्वे स्वस्त. हाताळणीचा खर्च निम्मा केला तर ही सीमा २०० किलोमीटरवर येते. म्हणजे रुळांइतकेच टोकांवरील यार्ड, क्रेन आणि गोदामे महत्त्वाची आहेत. त्यातच आपल्याकडे प्रवासी भाड्यातील तूट मालाच्या भाड्यातून भरून काढण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे मालाचे भाडे चढे राहते आणि ट्रकला आणखी वाव मिळतो.

स्वतंत्र मार्गिका

या अडचणींवर उपाय म्हणून मालासाठी स्वतंत्र मार्गिका बांधण्याचे ठरले आणि त्यासाठी ३० ऑक्टोबर २००६ रोजी एक सरकारी कंपनी स्थापन झाली. पश्चिमेकडची मार्गिका जवाहरलाल नेहरू बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत १,५०६ किलोमीटरची आणि पूर्वेकडची लुधियाना ते बिहारमधील सोननगर अशी १,३३७ किलोमीटरची. २०२५ च्या मध्यापर्यंत यातील सुमारे ९६ टक्के भाग वापरात आला होता. तेव्हा उरलेला मुख्य तुकडा नेमका आपल्याकडचा, म्हणजे वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे १०० किलोमीटरचा होता. दाट वस्ती, खाड्या, डोंगर आणि भूसंपादन ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत.

या मार्गिकांची रचना वरच्या गणिताशी ताडून पाहण्यासारखी आहे. चढ दोनशेला एकपेक्षा जास्त नाही. एका आसावर २५ टन भार चालतो आणि पूल त्याहून जड, ३२.५ टनांच्या आसभारासाठी बांधले आहेत. गाडीची लांबी दीड किलोमीटरपर्यंत असू शकते आणि वजन १३,००० टनांपर्यंत. वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि सर्व गाड्या मालाच्याच असल्याने त्यांचे वेग सारखे ठेवता येतात.

पश्चिम मार्गिकेवर कंटेनर एकावर एक असे दोन थर रचून नेतात. उंच प्रकारचा कंटेनर सुमारे २.९ मीटर उंचीचा असतो. दोन मिळून ५.८ मीटर आणि वाघिणीच्या तळाची उंची साधारण एक मीटर धरून एकूण ६.८ मीटरच्या आसपास होतात. नेहमीच्या मार्गावर विजेची तार साधारण साडेपाच मीटर उंचीवर असते, म्हणून तेथे हे शक्य नाही. या मार्गिकेवर तार साडेसात मीटर उंचीवर टांगली आहे. ७ जानेवारी २०२१ रोजी विद्युत इंजिनाने ओढलेली अशी दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी हरियाणा-राजस्थानातून धावली.

पैसा कुणाचा : जुना धडा

आता जमाखर्चाकडे वळू. रेल्वेत खासगी भांडवल आणणे ही नवी कल्पना आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भारतातील रेल्वे सुरूच अशी झाली, आणि तीही मुंबईतून. १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि जीआयपी यांच्यात करार झाला. जमीन सरकारने फुकट द्यायची, भांडवल लंडनच्या भागधारकांनी घालायचे आणि त्यावर ५ टक्के परताव्याची हमी सरकारने द्यायची. कमाई त्याहून कमी झाली तर फरक सरकारी तिजोरीतून भरायचा. या करारातून १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. घाटाच्या कामावर रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. त्यांना कुणी कसलीही हमी दिलेली नव्हती.

या हमीचे गणित वर्गात करण्यासारखे आहे. कंपनीने १०० रुपये घातले, कमाई ३ रुपये झाली, हमी ५ रुपयांची. सरकार २ रुपये देते. आता तेच काम कंपनीने उधळपट्टीने १५० रुपयांत केले. कमाई तीच ३ रुपये. पण हमी आता साडेसात रुपयांची होते आणि सरकार साडेचार रुपये देते. भागधारकाला प्रत्येक शंभरावर ५ टक्के मिळालेच. काटकसर करण्याचे त्याला कारणच उरले नाही. हा फरक भारतातील करदात्यांनी भरला. दादाभाई नौरोजींनी देशाच्या संपत्तीच्या वहनाविषयी जी मांडणी केली, तीत रेल्वेच्या भांडवलावरील व्याजाचाही हिशेब होता.

पुढे सरकारने या कंपन्या विकत घेण्यास सुरुवात केली. जीआयपी १९०० साली सरकारी मालकीची झाली, पण चालवत होती कंपनीच. अ‍ॅक्वर्थ समितीने सरकारी व्यवस्थापनाची शिफारस केली आणि १९२५ मध्ये कारभारही सरकारकडे आला. वडाळ्याला पोर्ट ट्रस्टची रेल्वे जोडली गेली तेव्हा, म्हणजे १९१५ मध्ये, मालकी सरकारची आणि कारभार कंपनीचा अशी मधली अवस्था होती.

मात्र एकट्या अपयशाची बाजू सांगून थांबणे योग्य नाही. हमी नसती तर त्या काळात अनोळखी देशात कुणी पैसा घातला नसता, आणि घाट ओलांडणारा मार्ग इतक्या लवकर झाला नसता. दोष भागीदारीत नव्हता, तर नफा एका बाजूला आणि जोखीम दुसऱ्या बाजूला टाकणाऱ्या अटींत होता.

नवे करार

अलीकडच्या प्रयोगांपैकी गुजरातमधील पिपावावचा प्रयोग बराच यशस्वी ठरला. सुरेंद्रनगर ते पिपावाव बंदर हा २७१ किलोमीटरचा मार्ग रुंद करण्यासाठी २००० साली रेल्वे आणि बंदर चालवणारी खासगी कंपनी यांनी निम्म्या-निम्म्या भागीने एक कंपनी काढली. मार्ग २००३ मध्ये सुरू झाला. गाड्या रेल्वेच चालवते आणि भाड्याचा ठरलेला वाटा या कंपनीला मिळतो. किमान किती माल येईल याची हमीही करारात घातलेली होती. सुरुवातीची वर्षे माल अपेक्षेपेक्षा कमी आल्याने ओढाताणीची गेली, पण ओझे दोघांवर पडले. दोन थरांची पहिली कंटेनर गाडीही २००६ मध्ये याच बंदरातून जयपूरकडे धावली. तेव्हा त्या मार्गावर विजेची तारच नव्हती, म्हणून उंचीचा प्रश्न आला नाही.

हे जमले त्याचे कारण उघड आहे. बंदराला रुळांची गरज होती आणि रुळांना बंदराच्या मालाची. ज्याच्या हातात माल आणणे होते, त्यानेच माल येण्याची जोखीम घेतली.

कंटेनर गाड्यांचा अनुभव वेगळा आहे. १९८९ पासून हे काम कंटेनर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी करीत होती. २००६ मध्ये ते खासगी कंपन्यांना खुले झाले. सर्व मार्गांच्या परवान्याची फी ५० कोटी रुपये होती, तरी पंधराएक कंपन्या पुढे आल्या. त्यांनी वाघिणी घेतल्या, काहींनी डेपो बांधले. पण रूळ रेल्वेचे, इंजिन रेल्वेचे, गाडी ओढण्याचा दर ठरवणार रेल्वे, आणि बाजारातील सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी कंपनीही सरकारीच. खेळाडू आणि पंच एकच असेल तर खेळ रंगत नाही. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दरांबाबत सल्ला देणाऱ्या रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली. मंजुरी आणि प्रत्यक्ष कारभार यांत मात्र बरेच अंतर राहिले. जवाहरलाल नेहरू बंदरात १९९७ च्या करारानुसार देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल आले, जहाजे झपाट्याने रिकामी होऊ लागली. पण अलीकडच्या काळात तेथील पाच कंटेनरांपैकी एकही पुरता रेल्वेच्या वाट्याला आलेला नाही.

इंजिनांबाबत बिहारमधील मधेपुऱ्याचा कारखाना हे चांगले उदाहरण आहे. २०१५ च्या करारानुसार फ्रान्सच्या आल्स्टॉम कंपनीची ७४ टक्के आणि रेल्वेची २६ टक्के भागी आहे. १२,००० अश्वशक्तीची ८०० इंजिने रेल्वेने विकत घेण्याचे आधीच ठरले. कारखाना चालवणे, इंजिन वेळेवर देणे आणि ते चालू स्थितीत ठेवणे ही जोखीम कंपनीची. मागणीची जोखीम रेल्वेची. वाटणी स्पष्ट आहे.

आणि मुख्य मार्गिकांचे काय? पश्चिम मार्गिका मुख्यतः जपानच्या कर्जावर आणि पूर्व मार्गिकेचा मोठा भाग जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला. ही कर्जे सरकारने घेतली. पूर्व मार्गिकेचा सोननगर ते दानकुनी हा ५३८ किलोमीटरचा तुकडा खासगी भागीदारीतून बांधायचा होता. वर्षे गेली, पण ती भागीदारी जमली नाही. यात आश्चर्य नाही. तोटा झाला तर ट्रक विकता येतो, पण भराव आणि बोगदा विकता येत नाही. भूसंपादनाला किती वर्षे लागतील आणि तीस वर्षांनी किती माल येईल, हे दोन्ही खासगी गुंतवणूकदाराच्या हाताबाहेरचे आहे. ज्या जोखमीवर आपला ताबा नाही ती घेण्यासाठी तो एकतर फार मोठा परतावा मागतो, नाहीतर हमी मागतो. मग आपण पुन्हा १८४९ ला पोचतो.

बाहेरची दोन उदाहरणे

अमेरिकेतील लॉस एंजेलिसची स्थिती मुंबईसारखीच होती : शहराच्या टोकाला बंदर, मधे दाट वस्ती आणि मालगाड्यांमुळे फाटकांवर खोळंबणारी वाहने. तेथे २००२ मध्ये अलामेडा कॉरिडॉर सुरू झाला. ३२ किलोमीटरच्या या मार्गाचा निम्मा भाग जमिनीखाली खणलेल्या उघड्या चरातून जातो. सुमारे २०० ठिकाणचा रस्ता-रूळ छेद त्यामुळे टळला. सुमारे २४० कोटी डॉलर खर्च आला. तो भागवण्यासाठी रोखे आणि सरकारी कर्ज घेतले आणि खासगी रेल्वे कंपन्यांकडून प्रत्येक कंटेनरमागे शुल्क घेऊन त्याची फेड करण्याचे ठरले. २००८ नंतरच्या मंदीत कंटेनर कमी झाले, तेव्हा ठरल्याप्रमाणे दोन्ही बंदरांना तूट भरून काढावी लागली. 'माल आला नाही तर कोण भरणार' हा प्रश्न आधीच लिहून ठेवल्याने मार्ग बंद पडला नाही.

ब्रिटनने १९९० च्या दशकात रूळच खासगी कंपनीच्या मालकीचे केले. ऑक्टोबर २००० मध्ये हॅटफील्ड येथे तडा गेलेला रूळ फुटून गाडी घसरली आणि चार जण मेले. देखभालीतील उणिवा उघड झाल्या, कंपनी डबघाईला आली आणि २००२ मध्ये रूळ नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेकडे गेले. रुळाची झीज वर्षानुवर्षे डोळ्यांना दिसत नाही, पण देखभालीत वाचवलेला पैसा त्याच वर्षीच्या नफ्यात दिसतो. करारात देखभाल मोजण्याची रीत नसेल तर हे घडू शकते.

करार कसा वाचावा

या सगळ्यातून चार प्रश्न हाती येतात. माल अपेक्षेपेक्षा कमी आला तर तूट कोण भरणार? खर्च वाढला तर तो कोणाच्या खिशातून जाणार? गाडी ओढण्याचे दर ठरवणारा स्वतः स्पर्धेत आहे का? आणि मुदत संपल्यावर रूळ कोणत्या स्थितीत परत मिळणार? चारही उत्तरे कागदावर स्पष्ट असतील तर भागीदारी टिकते. यांपैकी एकही अस्पष्ट असेल, तर त्याची किंमत शेवटी करदाता देतो.

वडाळ्यासाठी पाचवा प्रश्न आहे. २०२४ मध्ये शिवडीहून न्हाव्याला जाणारा समुद्रसेतू खुला झाला. त्यावर रस्ता आहे, रूळ नाहीत. बंदराच्या जुन्या जमिनीवर नव्या वस्तीच्या आणि बागांच्या योजना आहेत. शहराला घरे आणि मोकळी जागा हवीच. पण गोदीपासून शहराबाहेर जाणारा रुळांचा सलग पट्टा ही एकदाच मिळणारी गोष्ट असते. रूळ गंजले तर बदलता येतात. पट्ट्यावर इमारती उभ्या राहिल्या, तर तो कोणत्याही भांडवलाने परत मिळत नाही. म्हणून जमिनीची किंमत ठरवताना त्या पट्ट्याची किंमतही कुणीतरी मोजली पाहिजे.

वर्गात करून पाहा

१. एक मीटर लांबीची काच किंवा गुळगुळीत फळी आडवी, सपाट ठेवा. एक टोक अर्धा सेंटीमीटर उचला. हा दोनशेला एक चढ झाला. वरच्या टोकाला काचेची गोटी ठेवा; ती घरंगळते. आता फळीवर घडी केलेला टॉवेल पसरून तेच करा. गोटी जागची हलत नाही. नंतर टोक २.७ सेंटीमीटर उचला. हा बोरघाट. डोळ्यांना फरक किरकोळ वाटतो, इंजिनाला मात्र तो चौपट जाणवतो.

२. आलेखकागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन वरच्या उदाहरणातील मालगाडी आणि प्रवासी गाडी रेषांनी दाखवा. मधे ३० किलोमीटरवर बाजूची मार्गिका दिली तर ७४ मिनिटांचे किती होतात, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. रेल्वेचे वेळापत्रक अशाच आलेखांवरून करतात.

३. वर्गाचे दोन गट करा, एक सरकार आणि एक कंपनी. १०० रुपयांचा पूल बांधण्याचा करार दोघांनी लिहायचा. मग शिक्षकांनी चिठ्ठी काढून सांगायचे : 'माल निम्माच आला' किंवा 'खर्च दीडपट झाला'. कोणी किती भरायचे, हे फक्त लिहिलेल्या करारावरून ठरवायचे. दुसऱ्या वेळी लिहिलेला करार पहिल्यापेक्षा बराच लांब असतो, असे दिसून येईल.